मत्स्यविनोद : माशांना खाऊ घालण्याचा इतिहास

मिरजेच्या कृष्णाघाटावर सकाळच्या वेळी कणकेचे गोळे घेऊन येणारी माणसे अजूनही दिसतात. पायरीवर बसायचे, वाटीतली कणीक चिमटीने तोडून पाण्यात टाकायची, माशांची झुंबड उडून पाणी क्षणभर ढवळले गेले की हात जोडून उठायचे. घाटापासून काही किलोमीटरवर, शहरातल्या बाजारात, रंगीत मासे विकणारी दुकाने आहेत. तिथेही माशांना खाऊ घालण्याचीच चर्चा चालते. पण त्या चर्चेत कणीक नसते. तिथे प्लास्टिकच्या पिशवीत वळवळणाऱ्या लाल अळ्यांचा पुंजका असतो. त्याला दुकानदार आणि गिऱ्हाईक दोघेही ‘ट्युबीफेक्स’ म्हणतात.

माझ्या लहानपणी आमच्या घरी काचेची पेटी आली, तेव्हा अशीच एक पिशवी मी घरी आणली होती. आजीने ती उजेडात धरून पाहिली आणि विचारले, “अरे, एकाला जगवायला दुसरा जीव जिवंत घालायचा? त्यापेक्षा घाटावर जाऊन कणीक टाक, पुण्य तरी लागेल.” मी म्हणालो, “आजी, हे मासे कणीक खात नाहीत गं.” ती म्हणाली, “मग असले मासे पाळूच नयेत.” त्या वेळी मला उत्तर सुचले नाही. पुढे संस्कृत आणि मराठीचे विद्यार्थी म्हणून जे ग्रंथ हाताळावे लागले, त्यांत हा प्रश्न वारंवार भेटत राहिला, तेव्हा ध्यानात आले की आजीच्या वाक्याला दोन हजारांहून अधिक वर्षांची परंपरा आहे, आणि तिला मिळालेली उत्तरेही तितकीच जुनी आहेत. प्रस्तुत लेख त्या उत्तरांचा मागोवा घेण्याचा प्रयत्न आहे.

आरंभ मनूच्या माशापासून करावा लागेल. शतपथ ब्राह्मणातली ती कथा सर्वपरिचित आहे. हात धुण्यासाठी आणलेल्या पाण्यात मनूच्या हाती एक चिमुकला मासा लागतो. ‘मला सांभाळ, मी तुला तारीन’ असे तो मनूला सांगतो. मात्र तारण्याचा प्रसंग पुढचा आहे. सांभाळण्याची गरज आधीची आहे, आणि तिचे कारण मासा स्वतःच देतो. आम्ही लहान असतो तोवर आमच्यावर मोठे संकट असते, कारण मासाच माशाला गिळतो. म्हणून मनूने त्याला आधी घड्यात ठेवायचे, मावेनासा झाला की खड्ड्यात, आणि त्याहून वाढला की समुद्रात सोडायचे. मासा भांड्यात ठेवून वाढवण्याचा आपल्या वाङ्मयातला हा फार जुना उल्लेख होय. मासा वाढतो, म्हणजे तो काही तरी खात असला पाहिजे. परंतु कथा त्याविषयी मौन पाळते. दुसऱ्याचे अन्न होण्याची त्याची भीती तिने नोंदवली आहे. त्याच्या स्वतःच्या अन्नाचा उल्लेख केलेला नाही. घड्यातल्या त्या माशाने कोणाला गिळले, हा प्रश्न विचारला असता तर कथेचे नैतिक रूप कदाचित एवढे निर्मळ राहिले नसते.

पुढे कौटिल्याने याच निरीक्षणाला ‘मात्स्यन्याय’ हे नाव वापरून राज्यशास्त्राच्या पायाशी बसवले. दंड नसेल तर बलवान दुर्बळाला गिळतो. ‘मासा’ हा शब्द त्यानंतर राजनीतीच्या चर्चेत एक रूपक होऊन बसला आणि खऱ्या माशाची भूक त्या रूपकाआड गेली.

त्या भुकेसंबंधी स्पष्ट आज्ञा आढळते ती अशोकाच्या पाचव्या स्तंभलेखात. राज्याभिषेकाला २६ वर्षे झाल्यावर कोरवलेल्या या लेखात अवध्य प्राण्यांची लांब यादी आहे. तिच्यात पोपट, मैना, हंस यांच्याबरोबर काही जातींचे मासेही आहेत. सजीव प्राणी असलेला भुसा जाळू नये, विनाकारण वा हिंसेसाठी अरण्याला आग लावू नये, असे पुढे सांगितले आहे. आणि त्याच ओघात, एका जिवाचे पोषण दुसऱ्या जिवावर करू नये, अशी आज्ञा येते. आजीचे म्हणणे जवळजवळ हेच होते.

ही आज्ञा वाचताना दोन गोष्टी लक्षात ठेवायला हव्यात. एक, याच लेखात काही ठरावीक दिवशी मासे मारू वा विकू नयेत असे म्हटले आहे. अर्थात इतर दिवशी ते मारले आणि विकले जात असणार. दुसरी गोष्ट, हाच राजा आपल्या पहिल्या शिलालेखात कबूल करतो की राजाच्या स्वयंपाकघरात पूर्वीइतकी हत्या आता होत नसली, तरी दोन मोर आणि एक हरीण अजून मारले जातात, आणि हरीणही रोज नाही. स्वतःच्या आज्ञेत आणि स्वतःच्या स्वयंपाकघरात अंतर आहे हे दगडावर कोरून सांगणारा राज्यकर्ता दुर्मीळच. पाचव्या स्तंभलेखातली आज्ञा शब्दशः पाळायची म्हटली, तर मांसाहारी प्राणी पाळणेच अशक्य होते. ‘मग असले मासे पाळूच नयेत’ हा आजीचा निष्कर्ष तर्काला धरूनच होता.

अशोकानंतर सुमारे चौदा शतकांनी दख्खनच्या एका राजाने या प्रश्नाकडे अगदी उलट बाजूने पाहिले. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने ११३०च्या सुमारास ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ रचला. मिरजेच्या वाचकाला हा राजा परका वाटू नये. त्याच घराण्यातल्या दुसऱ्या जयसिंहाचा शके ९४६चा, म्हणजे इ. स. १०२४चा ताम्रपट मिरजेचाच म्हणून इतिहासकारांना परिचित आहे. सोमेश्वराच्या काळी ‘मिरिंज’ हा प्रदेश कोल्हापूरच्या शिलाहारांकडे होता, आणि हे शिलाहार चालुक्यांचे मांडलिक होते.

मानसोल्लासाच्या पाच विंशतींपैकी चौथी विंशती राजाच्या विनोदांची आहे. विनोद म्हणजे इथे करमणूक. त्या वीस विनोदांत ‘मत्स्यविनोद’ हे एक प्रकरण आहे. बडोद्याच्या गायकवाड प्राच्यग्रंथमालेने १९२५पासून या ग्रंथाची संपादित आवृत्ती प्रसिद्ध केली आणि १९५१ साली भारतीय प्राणिसर्वेक्षण संस्थेचे तत्कालीन संचालक सुंदरलाल होरा यांनी या प्रकरणावर स्वतंत्र निबंध लिहिला. एका आधुनिक मत्स्यशास्त्रज्ञाला बाराव्या शतकातल्या राजाची माशांविषयीची जाण दखल घेण्याजोगी वाटली, ही गोष्टच पुरेशी बोलकी आहे. सोमेश्वर सुमारे ३५ जातींच्या माशांची नावे देतो. त्यांची विभागणी तो खवल्यांचे आणि बिनखवल्यांचे, समुद्रातले आणि नदीतले, मोठे आणि लहान अशी करतो. कोणत्या जातीला काय घालावे हेही तो सांगतो. कुणाला पेंडीचे, पिठाचे वा भाताचे गोळे, कुणाला मांस. सर्व मासे एकच अन्न खात नाहीत, त्यांची भूक वेगवेगळी असते, हे ज्ञान इथे प्रथमच एवढ्या तपशिलाने मांडलेले दिसते.

अर्थात हे ज्ञान कशासाठी? ठरावीक जागी खाद्य टाकून माशांना तिथे यायची सवय लावायची, आणि मग त्याच खाद्यात गळ लपवायचा, यासाठी. इथे पोसणे ही शिकारीची पहिली पायरी आहे. अशोकाने एका जिवावर दुसरा जीव पोसण्याला मनाई केली. सोमेश्वर जीव पोसतो तोच तो पकडण्याकरिता. असे असूनही माशाला काय हवे असते याचा बारकाईने विचार दुसऱ्यानेच केला, हे मान्य करावे लागते. करुणेने माशाला अवध्य ठरवले, पण त्याचे अन्न जाणून घेण्याचे कष्ट घेतले ते शिकाऱ्याच्या कुतूहलाने.

मराठीच्या अभ्यासकांना मानसोल्लास माहीत असतो तो वेगळ्याच कारणासाठी. याच विनोदविंशतीतल्या ‘गीतविनोद’ या प्रकरणात देशी भाषांतली पदे उद्धृत केली आहेत. महाराष्ट्रातल्या स्त्रिया कांडताना ओवी गातात, ही नोंदही या ग्रंथातली. त्या मराठी पदांत विष्णूच्या अवतारांची स्तुती आहे, आणि रसातळातून वेद वर आणणारा मत्स्यावतार त्यांत आहे. आपण वर्गात हे पद मराठीच्या आरंभकाळाचा पुरावा म्हणून शिकवतो आणि पुढे जातो. परंतु त्याच्या शेजारच्या प्रकरणाकडे पाहिले, तर एकाच ग्रंथात, एकाच विंशतीत, मासा एकीकडे तारक देव म्हणून गायला जातो आणि दुसरीकडे गोळा दाखवून गळाला लावला जातो. सोमेश्वराला यात काही विसंगती वाटली असेल असे दिसत नाही. त्याच्या दृष्टीने हे दोन वेगवेगळे विनोद होते.

घाटावरच्या कणकेने ही विसंगती आपल्या परीने सोडवली. इथे गळ नाही. माशाला खाऊ घालायचे ते खाऊ घालण्यासाठीच. कागदाच्या चिठ्ठीवर रामनाम लिहून ती कणकेत गुंडाळायची आणि माशांना घालायची, ही रीत अनेकांनी घरात पाहिली असेल. लिहिलेला शब्द माशाच्या पोटी जावा ही कल्पना वाङ्मयाच्या माणसाला मोहवणारी आहे. मत्स्यावताराने वेद पाण्यातून वर आणले, इथे भक्त नाम पाण्यात परत देतो. पण या व्यवहारात माशाला जे अन्न मिळते ते माणसाच्या सात्त्विकतेच्या कल्पनेतले असते. मासा जणू शाकाहारी पाहुणा होऊन येतो. घाटावरून आपण उठलो की तोच मासा पाण्यातले किडे, अळ्या आणि दुसऱ्या माशांची पिल्ले खातो. ते आपण पाहत नाही, आणि पाण्याचा गढूळपणा आपल्याला ते पाहू देत नाही.

काचेने हा आडोसा काढून घेतला. मात्र काचेच्या कितीतरी आधी चिनी लोकांनी माशाची भूक जाणली होती. सोनेरी मासे पाळण्याची कला सुंग राजवटीत चीनमध्ये भरात आली. तेराव्या शतकाच्या आरंभी युए के या लेखकाने लिहून ठेवले आहे की मासे पाळणारे आपली युक्ती गुप्त ठेवतात, पण काहींच्या मते ते बाजारातल्या गटारांमधले लहान लाल किडे माशांना घालतात आणि त्यामुळे शंभर दिवसांत माशांचा रंग पालटतो. रंगाच्या त्या दाव्याचे काहीही असो, गटारातले लाल किडे हा तपशील आजच्या वाचकाला थबकवतो. मिरजेच्या दुकानातल्या पिशवीत त्याच जातकुळीचा ऐवज असतो. ट्युबीफेक्स हा सांडपाण्याच्या गाळात राहणारा गांडुळाच्या गणगोतातला कृमी. प्राणवायू अत्यल्प असलेल्या गाळात तो तगून राहतो ते त्याच्या रक्तातल्या हिमोग्लोबिनच्या बळावर, आणि त्याचा लाल रंग त्यामुळेच. देखण्या माशाचे अन्न शहराच्या सर्वांत घाण पाण्यातून येते. त्याबरोबर रोगजंतूही येतात, म्हणून जाणकार पाळणारे हे कृमी वाहत्या पाण्यात दीर्घकाळ धुऊन घेतात, किंवा टाळतातच.

युरोपात १८५०च्या सुमारास रॉबर्ट वॉरिंग्टनने काचपात्रात मासे, पाणवनस्पती आणि गोगलगायी एकत्र ठेवून त्यांचा समतोल साधता येतो असे दाखवले. १८५३ साली लंडनच्या प्राणिसंग्रहालयात मत्स्यगृह उघडले आणि पुढच्याच वर्षी फिलिप गॉसच्या पुस्तकाने ‘ॲक्वेरियम’ हा शब्द घरोघरी नेला. काचेमागचे स्वयंपूर्ण जग ही त्या काळाची आवडती कल्पना होती. पण मासे अंडी घालू लागले की त्या कल्पनेची मर्यादा उघड होई. नुकत्याच जन्मलेल्या पिल्लाचे तोंड अतिशय लहान असते. बऱ्याच जातींच्या पिल्लांना हलणारे भक्ष्यच भक्ष्य म्हणून ओळखू येते. निश्चल चुरा समोर असूनही ती उपाशी मरतात. जिवंत अन्न हा येथे पाळणाऱ्याचा शौक नसतो, पिल्लांना त्याखेरीज गत्यंतर नसते.

या अडचणीवरचे उत्तर मिठागरांत सापडले. आर्टेमिया हा खाऱ्या पाण्यातला बारीक कवचधारी जीव. लिनियसने १७५८ मध्ये त्याला शास्त्रीय नाव दिले होते. पण त्याची नुकती फुटलेली पिल्ले माशांच्या पिल्लांना उत्तम अन्न ठरतात, हे १९३०च्या दशकात अमेरिकेत आणि नॉर्वेत लक्षात आले. त्याची अंडी वाळवून वर्षानुवर्षे डब्यात ठेवता येतात आणि मिठाच्या पाण्यात टाकली की दिवसभरात फुटतात. महाराष्ट्राचा या इतिहासाशी थेट संबंध आहे. मुंबईत चर्नी रोडजवळ समुद्रकिनारी तारापोरवाला मत्स्यालय १९५१ साली सुरू झाले, आणि १९५३ साली मत्स्यशास्त्रज्ञ सी. व्ही. कुलकर्णी यांनी मुंबईच्याच वडाळ्याच्या मिठागरांत आर्टेमिया आढळल्याची नोंद बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध केली. ही या जीवाची भारतातली पहिली नोंद मानली जाते. एका बाजूला काचेमागचे मासे पाहायला लोटणारी गर्दी, आणि काही मैलांवर चिखलात उभे राहून माशांचे अन्न शोधणारा शास्त्रज्ञ! गर्दीच्या आठवणी पुष्कळांनी लिहिल्या. अन्नाच्या शोधाची कथा मराठीत फारशी कुणी लिहिली नाही.

त्याच दशकात जर्मनीत उलरिख बेंश यांनी माशांसाठी कोरड्या पापुद्र्यांचे खाद्य बाजारात आणले. चिमूटभर रंगीत चुरा टाकला की काम झाले. मत्स्यपालन मध्यमवर्गीय दिवाणखान्यात रुजले ते मुख्यतः या चुऱ्यामुळे. त्या डब्यावर आजीला आक्षेप घेता आला नसता. वास्तविक त्यातही माशांचे आणि कोळंबीचे पीठ असते. मेलेले, वाळलेले, ओळखू न येणारे. घाटावरच्या कणकेने जे साधले तेच डब्यातल्या चुऱ्याने साधले. एका जिवाचे दुसऱ्यावर जगणे डोळ्यांआड गेले.

या इतिहासाचे एक वळण आपल्या अंगणातल्या बॅरलपर्यंत येते. १८९७ साली सिकंदराबादेत रोनाल्ड रॉस यांना डासाच्या शरीरात हिवतापाचा परजीवी सापडला आणि तोवर केवळ माशाचे खाद्य असलेली डासाची अळी माणसाची शत्रू ठरली. त्रिनिदादचा गप्पी मासा १९०८ मध्ये भारतात आणला गेला. १९२८ मध्ये इटलीतून गॅम्बुसिया आला. दिवाणखान्यातल्या पेटीत शोभेचा म्हणून पाळला जाणारा गप्पी आरोग्य खात्याचा सेवक झाला. आजही महाराष्ट्रात डेंग्यूचे दिवस आले की ‘गप्पी मासे सोडा’ आणि ‘आठवड्यातून एक दिवस कोरडा पाळा’ ही दोन आवाहने बरोबरीने येतात. २०१६च्या एप्रिलमध्ये ज्या मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी गेले, त्याच जिल्ह्याच्या पूर्व भागात उन्हाळ्यात पाणी साठवल्याशिवाय घर चालत नाही. पाणी साठले की अळी आली. तिथे गप्पी मासा त्या अळीवर जगतो, आणि त्याबद्दल कुणाच्याही मनाला टोचणी लागत नाही. लागूही नये. आजीनेसुद्धा परसातल्या हौदात नगरपालिकेचा माणूस गप्पी सोडून गेला तेव्हा तक्रार केली नव्हती. जिवावर जीव पोसण्यातले पाप कोणता जीव मरतो यावर ठरते, हे तिने न बोलता मान्य केले होते. आपणही केले आहे.

पण या सोयीचीही किंमत आहे. गॅम्बुसियाची गणना आज जगातल्या सर्वांत उपद्रवी आगंतुक जातींत होते. तो अळ्यांबरोबर स्थानिक माशांची अंडी-पिल्ले आणि बेडकांची पिल्लेही खातो. गप्पीही कुठल्याही पाण्यात तग धरून झपाट्याने वाढतो. बंद हौदातला गप्पी हौदातच राहतो. गटारात वा ओढ्यात सोडलेला राहीलच असे नाही. २००५, २०१९ आणि २०२१ या वर्षी कृष्णेचे पाणी सांगली-मिरजेत शिरले तेव्हा गटार, ओढा आणि नदी यांच्यातल्या सीमा उरल्याच नव्हत्या. या नदीचे स्वतःचे मासे आहेत. कर्नल साइक्स यांनी १८३९ मध्ये दख्खनच्या माशांचे वर्णन प्रसिद्ध केले तेव्हा अनेक जातींना इथली मराठी नावेच लॅटिन साजात दिली. नकटा मासा आजही शास्त्रात ‘नुक्टा’ म्हणूनच ओळखला जातो. कृष्णा आणि तिच्या उपनद्यांतला हा रहिवासी आता संकटग्रस्त जातींच्या यादीत आहे. त्याला आपली कणीक नको आणि आपला चुराही नको. त्याचे अन्न वाहत्या, स्वच्छ नदीत आपोआप तयार होत असते. ते तयार होण्याजोगी नदी ठेवणे, हे त्याला खाऊ घालण्यासारखेच आहे.

आजीचा प्रश्न मग कुठे उरतो? मला वाटते, तिचा प्रश्न योग्य होता, मात्र तिने सुचवलेला पर्याय पुरा नव्हता. आज्ञा, गळ, कणीक, चुरा आणि हौदातला गप्पी, या सर्वांत एक गोष्ट समान आहे. माशाची भूक आपण आपल्या गरजेच्या रूपात पाहिली. कधी धर्माच्या, कधी करमणुकीच्या, कधी आरोग्याच्या. जिवंत अळी पेटीत सोडणाऱ्याला तेवढी मुभा राहत नाही. त्याच्यासमोरच ती वळवळते, मासा वळतो, आणि ती नाहीशी होते. निदान आपण कोणाच्या जिवावर कोणाला पोसतो आहोत हे त्याला पाहावे लागते. पाहिल्यावर मग जबाबदारीही येते. गटारातले कृमी आणण्याऐवजी मॉइनासारखे पाणपिसू घरच्या टाकीत हिरव्या पाण्यावर वाढवता येतात. डासांच्या अळ्यांची बादली उघडी ठेवली तर न खाल्लेल्या अळ्यांचे डास शेजाऱ्याला चावतील, हे लक्षात ठेवता येते. नकोसा झालेला मासा नदीत सोडून पुण्य मिळवण्याचा मोहही टाळता येतो.

त्या पिशवीतल्या अळ्या मी शेवटी आजीच्या नकळत पेटीत सोडल्या होत्या. दुसऱ्या दिवशी ती पेटीसमोर बराच वेळ उभी होती. मासे टवटवीत दिसत होते. “खाल्लंन् वाटतं काही,” एवढेच ती म्हणाली, आणि काय खाल्ले हे तिने विचारले नाही.